मसणवटा साफ करायच्या आधी

(अंथुर्णे येथे झालेल्या ग्रामसंघ पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना बैठकीला येता आलं नाही त्यांनी मागितल्यामुळं इथं देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझं नाव आणि त्यापुढचा विषय बघून सकाळपासून तिघी-चौघींनी मला विचारलं, "मॅडम, कर्जाचं, शेळीपालनाचं सांगायचं सोडून हे मसणवट्याचं काय काढलंय?" एक आज्जी तर म्हणाल्या, "पोरी, तुझं अजून लगीन व्हायचंय, आत्ताच कशाला मेल्यांच्या वाटंला जातीस?" त्या आज्जी पहिल्याच रांगेत बसल्यात, हसतायत. आज्जी, सांगते कशाला जाते ते. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती आधी सांगते, मग बाकीचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वाडीचं नाव घेत नाही, ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना विचारून आले आहे. "सांगा, पण माझं नाव नको," असं त्यांनी म्हटलंय. मी तेव्हा नवीनच लागले होते. एमएसडब्ल्यू होऊन वर्षही झालं नव्हतं, अंगात उत्साह मावत नव्हता. त्या वाडीच्या ओढ्याकडेला जुना मसणवटा. सगळीकडं वेड्या बाभळी, घाणेरी, काँग्रेस गवत, दारूच्या बाटल्या, प्लास्टिक. गटातल्या दोघींनी बैठकीत विषय काढला, श्रमदान करू. मला काय, पाहिजेच होतं. बायकांनी स्मशानात जायचं नाही ही रीत आपण मोडतोय, याचाच मला जास्त आनंद.

तीस-बत्तीस बायका आल्या. कोयते, खोरी, पाट्या. दोन-अडीच तासांत बाभळी तोडल्या, कचरा गोळा केला. आणि तिथं जागोजागी दगड पडलेले होते. कुठं तीन, कुठं चार, कुठं पाच-सहा. ते आम्ही पाट्यांनी उचलून एका बाजूला रचले. छान रास झाली. कुणीतरी तिला चुनाही मारला. जागा अंगणासारखी दिसायला लागली. मी फोटो काढले, अहवालात घातले, वरून शाबासकी पण मिळाली.

त्या दिवशी एक ताई दगड उचलत नव्हत्या. एका बाभळीजवळ नुसत्या उभ्या होत्या. मला वाटलं दमल्या. मी चेष्टेनं म्हणाले सुद्धा, "ताई, फोटोपुरता तरी हात लावा की!" त्या काही बोलल्या नाहीत.

चार-पाच दिवसांनी गटाची बैठक झाली. सगळ्या गेल्या, त्या मागं राहिल्या. पासबुक पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "मॅडम, त्या बाभळीच्या बुडाला तीन दगड होते. तिथं माझी पोरगी होती."

एकवीस वर्षांपूर्वी त्यांची आठ दिवसांची लेक गेली. एवढ्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, तुम्हाला माहीतच आहे. सासऱ्यांनी नेलं, पुरलं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर तीन दगड ठेवले. बाळंतीण घरात, तिला कोण नेणार? पुढं कधीतरी दिरानं लांबून जागा दाखवली. तेव्हापासून त्या वर्षातून एकदा शेळ्या घेऊन त्या बाजूला जायच्या आणि बघून यायच्या. घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. "आता बाभळ पण न्हाय आन् दगड पण न्हाय," म्हणाल्या.

मी काय बोलणार? माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. "तुम्हाला काय ठावं," एवढंच म्हणाल्या. पण ते माहीत करून घेणं हेच तर माझं काम होतं. पाण्याचा प्रश्न असला की आम्ही शिवारफेरी काढतो, जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो, म्हाताऱ्या माणसांना विचारतो. शौचालयाच्या वेळी विचारलं होतं. मसणवट्याच्या वेळी कुणालाच विचारलं नाही. पडीक दिसला, म्हणजे कुणाचा नाही, असं धरून चालले. मी त्या वाडीतली नव्हते, हे एक. पण ज्या तीस जणींनी दगड उचलले त्या तर तिथल्याच होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं. कारण बाईला तिथं कधी नेलंच नाही, तर तिला कुठला दगड कुणाचा हे कळणार कसं?

त्यानंतर मी जिथं जाईन तिथं गावातल्या जुन्या माणसांना विचारायला लागले, तुमच्यात माती कुठं देतात, पूर्वी कुठं देत होते. तुम्हीही आत्ता मनातल्या मनात मोजा. एका गावात एकच स्मशान नसतं. शेड असलेली जाळायची जागा वेगळी. लिंगायत समाजात माणसाला बसवून पुरतात, त्यांची जागा वेगळी. गोसाव्यांच्या, नाथपंथीयांच्या समाध्या मठाच्या नाहीतर मळ्याच्या कडेला. मुस्लिमांचं कबरस्तान. कुठं ख्रिश्चनांचं. भटक्या समाजातले कितीतरी लोक पुरतात, त्यांना बऱ्याच वेळा नावावर जागाच नसते, ओढ्याकाठी, गायरानात जिथं गाव हटकणार नाही तिथं. लहान लेकरं तर सगळ्याच जातींची मातीत. आणि ऊसतोडीला आलेल्या टोळीतलं कुणी इथंच गेलं, गाव लांब असलं, तर त्याला माती कुठं दिली हे आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल?

या सगळ्या जागांवर दोन तऱ्हेचे दगड असतात. एक घडवलेले: समाधी, चौथरा, वृंदावन, पादुका, वीरगळ. दुसरे बिनघडीव, नुसते ठेवलेले. घडीव दगडाला निदान माणूस थबकून बघतो. बिनघडीव दगडाची मी जी गत केली तीच बहुतेक वेळा होते.

आधी घडीव दगडांचं सांगते, कारण ते वाचता येतात. अक्षर न येणारीलाही वाचता येतात. आपल्या भागात मारुतीच्या देवळापुढं, वेशीजवळ, ओढ्याकाठी उभा चौकोनी दगड असतो, त्यावर चित्रांचे कप्पे खोदलेले. कुणी त्याला वीर म्हणतं, कुणी म्हसोबा म्हणून शेंदूर लावतं, एका ठिकाणी मी त्यावर धुणं धुताना बघितलंय. तो वीरगळ. लढाईत नाहीतर गावाची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला, कधी शेजारी गाई. म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी भांडताना मेला. त्यावरच्या कप्प्यात लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीची पूजा करतोय. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहील. हे दगड बहुतेक सात-आठशे वर्षांपूर्वीचे, यादवांच्या काळातले आणि त्याच्या मागचे-पुढचे. त्यावर सहसा नाव नसतं. गावाला माहीतच होतं की कोण मेला, लिहायची गरज कुणाला वाटली नसेल.

मोठ्या माणसांचं आपल्याला ठाऊक असतं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापुरात लढाईत पडले, त्यांची गढी इंदापुरात आहे, हे आपल्या तालुक्यातल्या पोरासोरांना सांगता येतं. पण वीरगळावरचा माणूस सरदार असेल असं काही नाही. गुराखीही असेल.

आपल्याच तालुक्यात बघायचे असतील तर उन्हाळ्यात पळसदेवला जा. उजनीचं पाणी उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, तिथं आवारात वीरगळ आहेत, सतीचे दगड आहेत. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. आपल्यातल्या काही जणींचं माहेर त्या पट्ट्यातलं आहे, भिगवण-पळसदेवकडचं. त्यांना विचारा गाव कसं उठलं ते. घराची दारं-चौकटी काढून आणल्या, पत्रे आणले, देव उचलून आणले, नव्या गावठाणात बसवले. मसणवटा कसा उचलून आणणार? तिकडची एक मावशी मला म्हणाली, "आमची आज्जी पाण्यात हाय." मला आधी कळलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "आगं, तिची समाधी. आखितीला घागर भरतो तवा आम्ही धरणाकडं तोंड करून हात जोडतो." लोक देऊळ बघायला होडीतून जातात, फोटो काढतात. त्याच पाण्याखाली कितीतरी गावांची माती आहे, हे फोटो काढताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आता सतीच्या दगडाबद्दल. इथं जरा सावकाश बोलते, कारण यावरून मागच्या वेळी दोन गटांत वाद झाला होता.

वीरगळाशेजारी कधी एक दगड असतो, त्यावर कोपरात वाकवलेला बाईचा हात. मनगटात बांगड्या. वर तेच चंद्र-सूर्य. काही बायका तो हात आशीर्वादाचा समजून ओटी भरतात. तो हात आहे नवऱ्याबरोबर जळालेल्या बाईचा. बांगड्या यासाठी की ती चुडा न फोडता गेली. तिचं नाव, वय काहीही नाही. ती मनानं गेली की तिला ढकललं, ते दगड सांगत नाही. थेऊरला आपण चिंतामणीच्या दर्शनाला जातो, तिथंच थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला वारले आणि रमाबाई सती गेल्या. पेशवीणबाई म्हणून निदान त्यांचं नाव राहिलं. उलट बाजूनं बघा. शहाजीराजे १६६४ साली गेले तेव्हा जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या, शिवरायांनी त्यांना थांबवलं. खंडेराव होळकर १७५४ साली कुंभेरीला पडले तेव्हा अहिल्याबाई निघाल्या होत्या, मल्हाररावांनी थांबवलं. त्या दोघी थांबल्या नसत्या तर पुढचं किती घडलं नसतं.

म्हणून काही जणींचं म्हणणं, असला दगड ठेवायचाच कशाला, फोडून टाका. त्यांचा राग मला कळतो. माझं मत वेगळं आहे. दगड फोडला तर ती बाई दुसऱ्यांदा नाहीशी होईल. तिच्याबाबतीत काय झालं याचा गावात राहिलेला पुरावा तेवढाच आहे. पण ओटी, नवस, जत्रा, देऊळ बांधायला वर्गणी, हे नाही. राजस्थानात देवराळ्याला १९८७ साली अठरा वर्षांची मुलगी सती गेली, त्यानंतर केंद्र सरकारनं कायदा केला, त्यात सतीचा गौरव करणं हासुद्धा गुन्हा आहे. त्यामुळं दगड जिथं आहे तिथं राहू द्यायचा, जवळपास स्वच्छ ठेवायचं आणि आपल्या पोरींना त्याच्यापुढं उभं करून तो हात कशाचा ते सांगायचं. कुणाला हे पटणार नाही, तर बोलू आपण. चहाच्या वेळी या माझ्याकडं.

आता जरा पुणे जिल्ह्यातलीच दोन गावं सांगते.

शिरूर म्हणजे घोडनदी. तिथं पूर्वी इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि त्यांची दफनभूमी आहे. त्यात कर्नल विल्यम वॉलेस नावाच्या अधिकाऱ्याची कबर, तो १८०९ साली शिरूरला मेला. हा माणूस तिथल्या लोकांनी सत्पुरुष मानला. शिरूर आणि आसपासच्या गावांतले हिंदू लोक त्याच्या कबरीला नमस्कार करायचे, सुगीत पहिलं धान्य घरात आलं की नैवेद्य न्यायचे. तुम्ही म्हणाल, इंग्रज साहेब, आपला कोण लागतो? मलाही तसंच वाटलं. पण कुणाला आठवायचं हे लोक आपलं आपण ठरवतात, सरकार येवो की जावो. आणि हे नैवेद्याचं आज मला कुठून कळलं? १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुणीतरी ते लिहून ठेवलं म्हणून. नाहीतर त्या बायका गेल्या असत्या आणि त्यांचा नैवेद्यही गेला असता.

दुसरं पाबळ. शिरूर तालुक्यातच. मस्तानीचा सिनेमा आपण सगळ्यांनी बघितलाय. तिची कबर पाबळला आहे. बाजीराव आणि ती, दोघंही १७४० सालीच गेले. तिला बाजीरावांच्या घरानं आपलं म्हटलं नाही, पण गावानं जागा दिली. आजही कुणी ती समाधी म्हणतं, कुणी मजार म्हणतं, आणि दोन्ही म्हणणारे हात जोडतात. पावणेतीनशे वर्षं झाली. पाबळच्या बाजूला कुणाचं माहेर असेल तर जाऊन या.

या दोन जागा लोकांना माहीत आहेत म्हणून राहिल्या. आपल्याकडं काय होतं? रस्ता रुंद करायचा निघाला की कडेची समाधी, कडेचा वीर पहिल्यांदा उचलला जातो. पालखी मार्गाचं काम आपल्या डोळ्यांपुढं झालंय, जेसीबी किती वेगानं चालतो ते तुम्ही बघितलंय. चालवणाऱ्या पोराला दगड आणि समाधी यात फरक कळत नाही, त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कालव्याच्या पाण्यानं रान भिजायला लागल्यापासून बांध सरकतोय, दरवर्षी एक-एक तास जास्त नांगरला जातो. आणि सगळ्यात वाईट वाटतं ते चांगल्या कामातून होणाऱ्या नुकसानीचं. स्मशानभूमीला जनसुविधेतून निधी येतो, शेड होतं, पेव्हर ब्लॉक बसतात, आणि भरावाला तिथलेच जुने दगड जातात. कामाची पाटी लागते. खाली कोण आहे त्याची पाटी नसते.

तरुण मंडळं ऑइलपेंट मारतात, तेही प्रेमानंच मारतात. पण रंगानं दगडाचा श्वास कोंडतो, आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि कोरलेला भाग पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटच्या ओट्यात वीरगळ रोवला की खालचा कप्पा, म्हणजे माणूस कसा मेला तोच भाग, गाडला जातो. म्हणून आपण काही करणार असू तर ते इतकंच: मऊ कुंचा आणि साधं पाणी. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, पावडर नको. शेवाळ खरवडायचं नाही. शेंदूर असेल आणि लोक पूजा करत असतील तर शेंदराला हात लावायचा नाही, उगाच गावात भांडण. आणि दगड जागेवरून हलवायचा नाही. हलवावाच लागला तर आधी फोटो, मग जवळच्या पक्क्या खुणेपासून, विहिरीपासून, देवळाच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून ठेवायची.

अक्षरं असतील तर खडू किंवा पीठ चोळू नका, मुंग्या लागतात आणि दगड डागाळतो. संध्याकाळी ऊन तिरपं असताना फोटो काढा, नाहीतर अंधारात मोबाईलची बॅटरी एका बाजूनं धरा. सपाट दिसणारी अक्षरं उठून दिसतात, करून बघा, जादूसारखं वाटतं. मोडी असो, फारसी असो, वाचणारी माणसं पुण्यात आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करतंय, डेक्कन कॉलेज आहे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं पुण्यात कार्यालय आहे. फोटो मला पाठवा, पुढं पाठवायचं काम माझं. आणि शहरातून कुणी गाडी घेऊन येऊन "हा दगड फार्महाऊसला शोभेल, पाच हजार देतो" म्हणाला तर सरळ ग्रामपंचायतीला कळवा. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही, १९७२ चा कायदा आहे.

स्मशान आणि दफनभूमी सांभाळणं हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीतच आहे, आपण काही उपकार मागत नाही. कबरस्तानात, समाधीच्या जागेत शिरून मुद्दाम विटंबना केली तर भारतीय न्याय संहितेत ३०१ कलम आहे. पण कलमाच्या आधी कागद लागतो. त्या जागेचा गट नंबर काय, सातबारावर स्मशानभूमी, दफनभूमी अशी नोंद आहे का, हे तलाठी भाऊसाहेबांकडं जाऊन बघायचं. त्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, आपण तलाठीच म्हणतो. ज्या समाजाच्या जागेची नोंद नाही, त्यांना मयताच्या दिवशी भांडण करत बसावं लागतं. घरात मढं आणि बाहेर पंचनामा. हे मी डोळ्यांनी बघितलंय, परत बघायची इच्छा नाही. नोंद नसेल तर आपण महिला ग्रामसभेत ठराव मांडू शकतो. घरकुलासाठी मांडतो, दारूबंदीसाठी मांडतो, तसाच.

आता वहीकडं येते.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय? नियमित लेखे. गटात शंभर रुपये कुणी भरले आणि वहीत लिहिले नाहीत तर पुढच्या महिन्यात काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तशीच ही वही. दगड घडीव असो की नुसता ठेवलेला, एकेका दगडाला एक ओळ. कुठं आहे, कशापासून किती पावलं, कसा दिसतो, कुणाचा आहे असं गाव सांगतं, कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. माहीत नसेल तर "माहीत नाही" असंच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. जातीचा रकाना नाही. कसा मेला, का मेला, तो रकाना पण नाही. घरच्यांनी आपणहून सांगितलं तर ठीक, नाहीतर उकरायचं नाही. आणि कुणी म्हणाली की माझं लिहू नका, तर नाही लिहायचं.

विचारायचं म्हाताऱ्या बायकांना. पुरुषांना जागा माहीत असते, पण कोण कधी गेलं, त्या साली पाऊस होता की दुष्काळ, कुणाचं बाळंतपण होतं, हे बायकांना माहीत असतं. आज्जी, तुम्हाला तर सगळा गाव पाठ आहे. मी तुमच्याकडंच येणार आहे.

त्या वाडीत आम्ही परत गेलो. ताई, त्यांचे दीर आणि मी. दिरांनाही आता साठी आली आहे. बाभळीचं खोड तोडलेलं होतं पण बुंधा जमिनीत शिल्लक होता, त्यावरून त्यांनी जागा काढली. साधारण इथंच, म्हणाले. नक्की इथंच असं म्हणता येईना, ते माझ्यामुळं. चुना मारलेल्या राशीतून ताईंनी तीन दगड निवडले. तेच असतील असं नाही. घासून चुना काढला आणि ठेवले. मग मी वही काढली. पहिली ओळ. नावाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं, कारण बारसं झालेलं नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव लिवा. तिची आई म्हणून." तसं लिहिलं. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या दाखल्यावर आईचं नाव लागतं. ती पोरगी त्याच्या कितीतरी आधीची.

तिच्यानंतर त्या वाडीत महिन्याभरात सतरा ओळी झाल्या. त्यातल्या अकरा लहान लेकरांच्या. त्यातल्या चार आया त्या दिवशी दगड उचलणाऱ्यांतच होत्या, त्यांना आपलं लेकरू नक्की कुठं आहे हे माहीत नव्हतं. राशीत अजून बरेच दगड आहेत. ते आता कुणाचे, ते सांगता येणार नाही. रास तशीच ठेवलीय, भरावाला द्यायची नाही असा ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

तर प्रत्येक ग्रामसंघानं पुढच्या महिन्याच्या बैठकीपर्यंत एवढंच करायचं आहे. साफसफाई नाही, रंग नाही, उद्घाटन नाही. गावात माती द्यायच्या जागा किती, त्यातल्या किती सातबारावर आहेत, आणि निदान पाच म्हाताऱ्या बायकांशी बोलणं. सर्वपित्रीच्या आसपास बोललं तर लोक सहज बोलतात, मुस्लिम घरांत शब-ए-बारातच्या वेळी. एकटीनं जायचं नाही, दोघी-तिघी मिळून जा, घरच्यांना सांगून जा. कुणी अडवलं तर वाद न घालता परत या आणि मला फोन करा.

वह्या मी आणल्यात, दोनशे पानी, दाराजवळ हजेरीच्या रजिस्टरशेजारी ठेवल्या आहेत. एका ग्रामसंघाला एक. सही करून न्या, आणि पहिल्या पानावर गावाचं नाव आजच लिहून टाका.